आधी थांबा, मग पेडल मारा: माउंटन बाइक ओरिएंटिअरिंगच्या पहिल्या स्पर्धेला येताना

मुंबईतल्या मार्वेच्या धक्क्यावर सकाळी साडेसहाला सायकली लावून आम्ही उभे असतो आणि दरवर्षी कोणी ना कोणी नवखा येऊन विचारतो, "दादा, रूट कुठला आहे?" रूट नसतो. सुरुवात असते, शेवट असतो, मध्ये नकाशावर छापलेली जांभळी वर्तुळं असतात. एका वर्तुळातून दुसऱ्यात कसं जायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. रस्त्यावर बाण नाहीत, पुढे पायलट नाही, मागे कोणी गोळा करत येत नाही.

हा खेळ मूळचा पायी खेळायचा. पहिली जाहीर स्पर्धा १८९७ साली नॉर्वेत झाली. सायकलवरचा प्रकार बराच नंतरचा; त्याचं पहिलं जागतिक अजिंक्यपद २००२ साली फ्रान्समधल्या फाँतेनब्लोच्या जंगलात झालं. आमचा क्लब त्या मानाने अगदीच घरगुती. वर्षातून एकदा, पावसाळा संपून वाटा वाळल्या की, मनोरी-गोराई-उत्तनच्या पट्ट्यात स्पर्धा घेतो. झेंडे लावायचं काम माझ्याकडे असतं. स्पर्धेनंतर नवख्यांसोबत बसून त्यांचा नकाशा पुन्हा वाचायचं कामही मी हौसेने अंगावर घेतलं आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. नवख्यांचा वेळ पाय दुखल्यामुळे जात नाही, थांबायची लाज वाटते म्हणून जातो. चौकात पाय टेकून दहा सेकंद नकाशा बघणं त्यांना हरल्यासारखं वाटतं. मग ते तसेच पुढे जातात आणि दहा मिनिटांनी परत येतात.

पुढचं सगळं ती दहा सेकंदं वसूल कशी करायची याबद्दल आहे.

कोणत्या गटात नाव द्यायचं

दोन प्रकार असतात. एकात कंट्रोल, म्हणजे नकाशावरच्या वर्तुळांत झेंडे लावलेल्या जागा, ठरलेल्या क्रमाने घ्यायचे: एक, दोन, तीन. एखादा गाळला किंवा क्रम चुकला की निकालात नाव नाही. दुसरा गुणांचा. ठरावीक वेळ मिळते, आमच्याकडे ९० मिनिटं. तेवढ्यात जमतील तेवढे कंट्रोल, हव्या त्या क्रमाने. लांबच्या आणि अवघड कंट्रोलना जास्त गुण. उशिरा आलात तर प्रत्येक मिनिटाला गुण कापले जातात.

पहिल्यांदा येताय तर गुणांच्या गटात या, यावर माझं ठाम मत आहे. त्यात चुकणं परवडतं. एखादा कंट्रोल सापडला नाही तर खांदे उडवून पुढे जाता येतं. क्रमाच्या कोर्समध्ये दुसराच कंट्रोल सापडला नाही तर बाकीची सकाळ तिथेच संपते. नवख्यांना जोडीनेही भाग घेता येतो, पण जोडी निवडताना सायकल चांगली चालवणारा मित्र घेऊ नका, शांत डोक्याचा घ्या.

सायकल आणि सामान

महागडी सायकल नको. पुढे सस्पेन्शन असलेली साधी माउंटन बाइक, चालणारे ब्रेक आणि नीट बदलणारे गिअर एवढं पुरे. टायर मात्र बघा. डांबरी रस्त्याच्या सवयीने लोक दगडासारखी हवा भरून येतात आणि रेतीच्या पहिल्या वाटेवर चाक घसरतं. ट्यूब असलेल्या २.१ ते २.२५ इंची टायरला, साठ-सत्तर किलोच्या माणसासाठी, २८ ते ३५ पीएसआय ठीक. बाभळीच्या काट्यांसाठी एक जादा ट्यूब, टायर लिव्हर आणि हातपंप हवाच. पंक्चरचं दुकान कुठे आहे हे नकाशावर छापलेलं नसतं.

हेल्मेट सक्तीचं. त्यावर चर्चा नाही, हेल्मेट नसेल तर नकाशा मिळत नाही. शिट्टी, पूर्ण चार्ज केलेला फोन, दोन लिटर पाणी. डिसेंबरातही इथली दमट हवा अंगातलं मीठ काढून घेते, म्हणून एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू घाला. खिशात केळं किंवा राजगिऱ्याची वडी.

आता खरी गोष्ट: नकाशाचा बोर्ड. पायी धावणारा माणूस नकाशा हातात धरतो. सायकलवर हात हँडलला आणि ब्रेकला लागतात. म्हणून हँडलवर एक गोल फिरणारा बोर्ड बसवतात. तयार बोर्ड परदेशातून मागवावे लागतात आणि महाग पडतात. आमच्यातल्या अर्ध्या लोकांनी ते घरी केले आहेत. मुलांचं परीक्षेचं पॅड घ्यायचं, वरची क्लिप काढून टाकायची, मधोमध भोक पाडायचं आणि नट-बोल्ट, दोन रबरी वॉशर लावून तो एखाद्या जुन्या सायकल-लाइटच्या क्लॅम्पवर बसवायचा. नट-बोल्ट कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे मिळतील. निमित्तच हवं असेल तर नागदेवी स्ट्रीटला चक्कर मारा. वॉशर इतपत घट्ट हवेत की बोर्ड अंगठ्याने फिरेल पण खड्ड्यात आपोआप फिरणार नाही. नकाशा प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत घालून चार कोपऱ्यांना रबर लावा. बोर्ड जमलाच नाही तर नकाशा गळ्यात अडकवून या. त्याने वेळ जातो, पण स्पर्धा पूर्ण होते.

होकायंत्राबद्दल दोन गोष्टी. एक, परदेशातून आणवणार असाल तर कोणत्या भागासाठी तोललं आहे ते विचारा. उत्तर युरोपसाठी बनवलेल्या होकायंत्राच्या सुईला दक्षिणेकडे थोडं जादा वजन दिलेलं असतं, कारण तिथे चुंबकीय ओढ सुईचं उत्तर टोक फार खाली खेचते. मुंबईत ती ओढ कमी, त्यामुळे तीच सुई इथे दक्षिणेला कलून तळाला घासते. दुसरी गोष्ट, होकायंत्र हँडलजवळ ठेवून वाचू नका. सायकलचं पोलाद आणि फोन-होल्डरचं चुंबक दोन्ही त्याला फसवतात. मनगटावर बांधा आणि वाचताना हात सायकलपासून लांब न्या. या खेळात त्याचं काम तसं कमीच असतं: सुरुवातीला आणि गोंधळ झाल्यावर.

नकाशा वाचायला शिका

एनसीसीत किंवा ट्रेकला सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा हाताळला असेल तर सुरुवात सोपी जाईल. पण एक सवय मोडावी लागेल. त्या नकाशावर एक सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. आमचा १:१०,००० चा, म्हणजे एक सेंटीमीटर फक्त १०० मीटर. ताशी १८ किलोमीटरने गेलात तर मिनिटाला ३०० मीटर, म्हणजे नकाशावरचा एक सेंटीमीटर वीस सेकंदांत मागे पडतो. नवख्यांचं वळण चुकतं ते इथेच. नकाशावर ते "अजून लांब" दिसतं आणि तोपर्यंत मागे गेलेलं असतं.

ट्रेकरची दुसरी सवय म्हणजे आधी डोंगर बघायचा. इथे आधी वाटा बघायच्या. सायकल ओरिएंटिअरिंगच्या नकाशाचा जीव वाटांच्या खुणांमध्ये असतो आणि ही खूण वाटेची रुंदी आणि वेग या दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगते. रेषा जाड असेल तर जीप किंवा बैलगाडी जाईल अशी वाट, बारीक असेल तर पायवाट. आणि रेषा किती तुटक आहे त्यावरून तिथे सायकल कशी चालेल ते कळतं:

अखंड रेषा: बिनधास्त चालवा.
लांब तुकड्यांची: चालते, पण हळू.
छोट्या तुकड्यांची: दगड, रेती, मुळं, चांगला चालवणाराही अडखळेल.
नुसते ठिपके: उतरून ढकला किंवा खांद्यावर घ्या.

हे चार प्रकार तोंडपाठ करून या, बाकीचं सगळं तिथे शिकता येईल. ही प्रतवारी कोरड्या दिवसाची असते. अवकाळी सर पडून गेली असेल तर लाल मातीची वाट मनातल्या मनात एक पायरी खाली धरा.

तपकिरी रेषा म्हणजे कंटूर, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा; आमच्या नकाशावर उंचीच्या पाच-पाच मीटरला एक. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर त्या वीस मीटरला असतात, त्यामुळे तिथे न दिसणारं टेपाड इथे चार रेषांचं दिसतं; घाबरू नका. दाट रेषा म्हणजे चढ, एवढं कळलं तरी पहिल्या वेळेला पुरे. सोंड कुठली आणि घळ कुठली हे ओळखता आलं तर उत्तमच. निळं म्हणजे पाणी. पिवळं म्हणजे मोकळं रान. हिरवं म्हणजे झाडी, आणि हिरवं जितकं गडद तितकी ती दाट.

जांभळा रंग स्पर्धेचा. त्रिकोण म्हणजे सुरुवात, दुहेरी वर्तुळ म्हणजे शेवट, एकेरी वर्तुळ म्हणजे कंट्रोल. वर्तुळाशेजारी ४-३७ असं लिहिलं असेल तर हा तुमचा चौथा कंट्रोल आणि झेंड्याच्या खांबावर ३७ आकडा असणार. गुणांच्या गटात फक्त खांबाचा आकडा असतो. हे आकडे ३१ पासून सुरू होतात, म्हणजे क्रमांक आणि खूण यांची गल्लत होत नाही. जांभळ्या रेघांचा भाग निषिद्ध, आणि एखाद्या वाटेवर जांभळ्या फुल्या असतील तर ती वाट नाहीच असं समजा, मग ती कितीही सुंदर असो.

आमच्या नकाशावर निषिद्ध भाग पुष्कळ आहे. खाडीकडचं सगळं कांदळवन, मिठागरांचे बांध, भाजीचे मळे, चर्चची आवारं. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे, आणि तसं नसतं तरी भरतीच्या चिखलात सायकल घालायला मी कोणाला सांगितलं नसतं. याच कारणाने आम्ही बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ही स्पर्धा घेत नाही. तिथे सायकल चालवायची ती कान्हेरीकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर. आतल्या वाटा बिबट्याच्या.

घराजवळचा सराव

स्पर्धेआधी दोन रविवार मोकळे ठेवा. पहिल्या रविवारी सायकल घरीच राहू द्या. नकाशा घेऊन माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्सला जा. ही जागा सरावासाठी आखल्यासारखी आहे: बागांना वळसे घालणारे रस्ते, सारख्या दिसणाऱ्या इमारती आणि तीन वळणं घेतली की जन्माने मुंबईकर असलेल्या माणसालाही स्टेशन कुठल्या बाजूला ते सांगता येत नाही. ओपनओरिएंटिअरिंगमॅप नावाच्या संकेतस्थळावरून शहराच्या कुठल्याही भागाचा ओरिएंटिअरिंगसारखा नकाशा फुकट काढता येतो. त्यावर दहा वर्तुळं काढा आणि चालत जा.

या चालण्यात एकच गोष्ट घोटायची. नकाशा नेहमी जमिनीच्या दिशेने फिरवलेला हवा. तुम्ही वळलात की नकाशा उलट्या बाजूला वळतो. समोरचा रस्ता नकाशावरही समोरच, म्हणजे वरच्या बाजूला दिसला पाहिजे. अक्षरं उलटी झाली तरी चालेल. नवखे नकाशा पुस्तकासारखा सरळ धरतात आणि डावं-उजवं डोक्यात फिरवत बसतात. दक्षिणेकडे जाताना हे डोकं हमखास उलटं फिरतं.

मुंबईकराला एका बाबतीत मात्र आयतं शिक्षण मिळालेलं आहे. आपण दिशा सूर्यावरून सांगत नाही, रेल्वेलाइनवरून सांगतो: ईस्ट म्हणजे लाइनच्या या बाजूला, वेस्ट म्हणजे त्या. कुठेही हरवलो तरी एका बाजूला चालत राहिलं की कधी ना कधी रूळ आडवे येणार हे ठाऊक असतं. ओरिएंटिअरिंगमध्ये नेमकं हेच करतात. सोबत चालणारी एक लांब खूण धरायची आणि "यापलीकडे गेलो तर चुकलो" असं सांगणारी एक आडवी खूण हेरून ठेवायची. मनोरी-उत्तनला रूळ नाहीत, पण पश्चिमेला समुद्र आहे, पूर्वेला खाडी आहे आणि झाडांच्या वर डोकावणारा गोराईच्या पॅगोडाचा सोनेरी कळस आहे.

दुसऱ्या रविवारी सायकलवर, रहदारी नसताना, आपल्याच वस्तीत तेच करा. नकाशा चालता चालता वाचायचा नाही. थांबायचं, पुढच्या टप्प्याची तीन शब्दांत गोष्ट करायची ("डावं, देऊळ, उजवं"), डोळे वर करायचे आणि ती गोष्ट संपेपर्यंत नकाशाकडे बघायचं नाही. गोष्ट संपली की पुन्हा थांबायचं. जमायला लागलं की शब्द पाच करा.

स्पर्धेची सकाळ

गर्दीच्या लोकलमध्ये अख्खी सायकल घेऊन चढायचा विचार सोडून द्या. मेट्रो २अ आणि ७ वर सायकल नेता येते. मीठ चौकीला उतरलात की मार्वे रोड सरळ धक्क्यापर्यंत जातो. गाडीच्या कॅरिअरवर सायकली घेऊन येणाऱ्यांनी भाईंदरवरून उत्तनमार्गे यावं. मार्वे-मनोरी फेरीबोट सायकली घेते, तिकीट वेगळं. बोटीत सायकल भिंतीला टेकवून सोडू नका, हाताने धरून उभे राहा. कोळणींच्या पाट्यांवर सायकल पडली तर त्या जे बोलतील ते ऐकायची तयारी ठेवा.

नोंदणीच्या टेबलावर एक फॉर्म भरायचा असतो: रक्तगट, घरच्यांचा नंबर, औषधं. तो नीट भरा. अपघात झाला तर १०८ ला फोन करणाऱ्या स्वयंसेवकाच्या हातात तोच कागद असतो. मग चिप मिळते, बोटात अडकवायची. ती कंट्रोलवरच्या डब्याच्या भोकात घातली की बीप होतो, दिवा लागतो आणि तुम्ही तिथे आल्याची नोंद होते. मोठ्या स्पर्धांत नुसतं जवळून गेलं तरी नोंद होणाऱ्या चिपा असतात, आमच्याकडे जुन्याच. सुरुवातीआधी "क्लिअर" आणि "चेक" लिहिलेले दोन डबे असतात. क्लिअर केलं नाही तर चिपमध्ये मागच्या माणसाची स्पर्धा साठलेली राहते. दरवर्षी एक जण विसरतो.

सूचना सांगताना फोन खिशात ठेवा. कुठली वाट आयत्या वेळी बंद झाली, कुठल्या गल्लीत लग्नाचा मांडव आहे, कुठला कुत्रा भुंकतो आणि कुठला चावतो, हे सगळं तिथेच कळतं.

सुरुवात आणि पहिला कंट्रोल

शिट्टी वाजली की नकाशा उलटायला मिळतो. आजूबाजूचे दहा जण लगेच सुटतात. तुम्ही सुटू नका.

खरंच सुटू नका. गुणांच्या गटात पहिली दोन मिनिटं उभ्या उभ्या खर्च करा. शेवट कुठे आहे ते आधी बघा, मग निषिद्ध भाग, मग कंट्रोलचे घोळके कुठे आहेत ते. एक मोठा फेरा मनात आखा, ज्याच्या शेवटच्या तृतीयांशात फिनिशकडे वळायच्या दोन-तीन सोयीच्या वाटा असतील. वेळ उरला तर लांबची वाट, नाही तर जवळची. जे सुटले ते सगळ्यात जवळच्या कंट्रोलकडे गेले आहेत, आणि तिथे पोचल्यावर नकाशा उलगडून तेच करत असतील, फक्त धापा टाकत.

पहिला कंट्रोल सोपा निवडा. नकाशाची अंतरं आणि तुमच्या पायांची अंतरं एकमेकांशी जुळायला एक टप्पा लागतो. झेंडा नारिंगी-पांढरा, तीन बाजूंचा, लहानशा आकाशकंदिलासारखा लटकतो. नाताळच्या सुमाराला एका गावात आमचा झेंडा कोणीतरी सजावटीचा समजून ओसरीत टांगला होता. त्या घरच्या आजींनी येणाऱ्या प्रत्येक स्पर्धकाला आत बोलावून पाणी दिलं आणि त्या वर्षी त्या कंट्रोलवर सगळ्यांचा वेळ सारखाच गेला.

झेंडा दिसला की लगेच खांबावरचा आकडा नकाशाशी ताडून बघा, चिप घाला, बीप ऐका. बीप नाही आला तर खांबाला बांधलेल्या सुईच्या पंचने नकाशाच्या कोपऱ्यात खूण करा. मग दोन सायकलींच्या लांबीइतकं बाजूला व्हा आणि तिथे नकाशा वाचा. कंट्रोलला चिकटून उभं राहिलं की मागून येणाऱ्याला झेंडा आयता सापडतो.

कुठून जायचं

समजा टेकडीच्या या बाजूला कंट्रोल ४१ आणि त्या बाजूला ४२. टेकडीवरून जाणारी वाट ७०० मीटर. त्यातले ३०० मीटर ठिपक्यांचे, बाकी छोट्या तुकड्यांचे. टेकडीला वळसा घालणारा रस्ता १.८ किलोमीटर, अखंड. नवखा सरळ वरून जातो, कारण नकाशावर ते जवळ दिसतं. हिशोब करा. ढकलत ३०० मीटर चढायला पाच मिनिटं, उरलेल्या ४०० मीटरला तीन. एकूण आठ, आणि वर पोचल्यावर पाय थरथरत असतात. रस्त्याने ताशी १८ च्या वेगाने सहा मिनिटं, शिवाय वाटेत पाणी पिऊन होतं आणि पुढचा टप्पाही वाचून होतो.

डोंबिवलीकर माणूस जागा मिळावी म्हणून उलटा कल्याणला जातो आणि बसून येतो. त्याला हे समजवायला लागू नये, पण सायकलवर बसला की तोही विसरतो. पायी ओरिएंटिअरिंगमध्ये दहा मीटर चढ म्हणजे सपाटीवरचे शंभर मीटर जादा असा ढोबळ हिशोब धरतात. सायकल ढकलत असाल तर त्याहून जास्त धरा. उलटही असतं. वाट छोट्या तुकड्यांची असली तरी पूर्ण उताराची असेल तर कधीकधी तीच बरी. त्यासाठी कंटूर बघावे लागतात, पाय टेकून.

चुकलात तर

चुकणार. मीही याच पट्ट्यात, स्वतः काढायला मदत केलेल्या नकाशावर चुकलो आहे. शेजारी शेजारी जाणाऱ्या दोन वाटांपैकी भलतीच धरली. पहिली शंका आली ती विहीर डाव्या हाताला दिसायला हवी होती आणि उजव्या हाताला दिसली तेव्हा. मी स्वतःला समजावलं की नकाशा काढणाऱ्याची चूक असेल. मग क्रूस आला नाही. म्हटलं, पुढे असेल. उतार लागला होता, सायकल मजेत चालली होती, आणि मी बोंबील सुकवायच्या वलांड्यांमध्ये जाऊन पोचलो, समुद्राच्या आवाजात. वीस मिनिटं गेली.

जमीन आणि नकाशा जुळत नसतील तर दोष नकाशाला देऊ नका. पहिल्या शंकेला थांबा. नकाशा उत्तरेला लावा. आपण शेवटचे नक्की कुठे होतो, छातीवर हात ठेवून सांगता येईल अशी जागा कुठली, ती शोधा आणि तिथे परत जा. चढून जावं लागलं तरी परत जा. "थोडं पुढे जाऊन बघू" या वाक्याने जेवढे गुण गेले आहेत तेवढे पंक्चरने गेलेले नाहीत. आणि खूण धरायची ती कायमची धरा: विहीर, क्रूस, पाण्याची टाकी, पूल, दोन वाटांचा फाटा. उभी केलेली होडी, वाळत घातलेली जाळी, बांधलेली म्हैस या खुणा नाहीत.

गावकऱ्यांना वाट विचारायची का? आमच्याकडे नियमात बसत नाही, पण खरोखर हरवला असाल, पाणी संपलं असेल, तर खुशाल विचारा. गुण नंतर बघू.

पाळायचेच नियम

नकाशावरची वाट सोडून रानातून सायकल काढायची नाही. सायकल पूर्ण वेळ तुमच्यासोबत हवी. ती टेकवून पळत जाऊन कंट्रोल घ्यायला परवानगी नाही, मोडली तरी फिनिशला सायकल घेऊनच यायचं. हँडलवरचा जीपीएस नकाशा दाखवत असेल तर तो बंद करून दप्तरात. गावच्या गल्ल्यांत माणसाच्या चालीने चालवा, रविवार सकाळ ही मिस्साची वेळ असते आणि चर्चसमोर माणसं, मुलं, म्हाताऱ्या बायका सगळ्याच असतात. घंटी वाजवा, ओरडू नका. कोणी पडलेलं दिसलं तर तुमची स्पर्धा तिथेच थांबते. मदत मिळेपर्यंत त्याच्याजवळ राहायचं. हा नियम जगभर आहे आणि तो आम्ही फार कडकपणे पाळतो.

आणि फिनिशच्या टेबलावर येऊन चिप परत द्या. अर्ध्यात सोडलं तरी, एकही कंट्रोल सापडला नाही तरी, राग आला तरी. एका वर्षी एक गृहस्थ कंटाळून परस्पर बोटीने मार्वेला गेले. इकडे यादीत एक नाव कमी, फोन बंद. आम्ही सात जण भर दुपारच्या उन्हात दोन तास टेकडीच्या घळी शोधत होतो. शेवटी त्यांच्या पत्नींनी फोन उचलला. ते जेवून झोपले होते.

संपल्यावर

चिप वाचली की एक चिठ्ठी मिळते, तिच्यावर प्रत्येक टप्प्याचा वेळ असतो. कोणाचे किती गुण हे बघायच्या आधी ती चिठ्ठी, नकाशा आणि एक पेन घेऊन सावलीत बसा. तुम्ही खरोखर कुठून गेलात ती रेघ नकाशावर काढा, चुकलेली वळणंसुद्धा, आणि जिथे थांबलात तिथे ठिपका द्या. हे बोटीत बसायच्या आधी करा. संध्याकाळपर्यंत आठवणीतली वाट आपोआप सरळ व्हायला लागते.

सायकल मात्र त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. त्या पट्ट्यातल्या मातीत मीठ असतं आणि सोमवारपर्यंत चेन तांबूस झालेली असते.